घर टिकवायचं म्हणून घरातच भाडेकरू : चॅट्सवर्थची केस

ड्यूक ऑफ डेव्हनशर आपल्याच घरात भाड्याने राहतो. भाडंही नावापुरतं नाही, बाजारभावाने जे होईल ते, आणि ते जातं एका धर्मादाय ट्रस्टकडे, त्या ट्रस्टला तेच अख्खं घर वर्षाला फक्त १ पौंडाने मिळालंय, आणि १ पौंडाने देणारे कोण तर ड्यूकच्याच घराण्याने केलेल्या दुसऱ्या एका सेटलमेंटचे (म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी मालमत्ता ट्रस्टींच्या नावे करायची व्यवस्था) ट्रस्टी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं ही कुठल्यातरी हुशार सीएने काढलेली पळवाट. ती थोडीफार आहेच, नाही असं नाही. पण मागे मागे वाचत गेलो तसं लक्षात आलं की ही पळवाट काढायला घराण्याला जवळजवळ ७० वर्षं लागली आणि वाटेत त्यांनी काय काय सोडलंय ते बघितलं की हसू येत नाही. म्हणून ही केस जरा नीट लिहून काढतोय, कारण वडिलोपार्जित जुनी वास्तू पडायला आलीय, विकायची नाहीये आणि पैसा नाहीये अशा तिढ्यात जे अडकलेत त्यांना यातून थोडं घेता येईल आणि बरंच घेता येणार नाही, दोन्ही सांगतो.

घर म्हणजे इंग्लंडच्या मधोमध डर्बिशरमधलं, डर्वेंट नदीच्या काठचं चॅट्सवर्थ हाउस. १५४९ मध्ये सर विल्यम कॅव्हेंडिश आणि त्याची बायको बेस ऑफ हार्डविक यांनी ही जागा ६०० पौंडांना घेतली. १६८६ पासून पहिल्या ड्यूकने वीसेक वर्षं खपून जुन्या घराची एकेक बाजू पाडत नवीन बांधली, १९ व्या शतकात सहाव्या ड्यूकने उत्तरेकडे लांबलचक विंग जोडली, झालं. तेव्हापासून घर कॅव्हेंडिशांकडेच, म्हणजे ड्यूकच्या घराण्याकडेच आहे. फक्त छप्परच सव्वा एकराच्या वर भरतं आणि ते शिशाच्या पत्र्यांचं. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढची सगळी डोकेदुखी तिथूनच गळते.

आता दुर्लक्ष. लोकांना वाटतं घर एकदम पडतं. तसं होत नाही, आधी घराच्या आजूबाजूच्या गोष्टी जातात. १८९४ मध्ये ब्रिटनमध्ये इस्टेट ड्यूटी आली, म्हणजे माणूस गेला की मालमत्तेवर कर. १९०८ मध्ये आठवा ड्यूक वारला आणि घराण्याला पहिला दणका बसला. मग १९१२ मध्ये लायब्ररीतली, इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टनने छापलेली दुर्मिळ पुस्तकं अमेरिकेला गेली, १९२० मध्ये लंडनच्या पिकॅडिलीवरचं डेव्हनशर हाउस विकलं, ते पुढे पाडलं गेलं. आणि त्याच १९२० मध्ये बागेतलं ग्रेट कॉन्झर्व्हेटरी नावाचं काचघर गेलं.

याच्यावर थोडं थांबतो कारण मला अख्ख्या केसमध्ये सगळ्यात जास्त हीच गोष्ट लागते. जोसेफ पॅक्स्टन हा चॅट्सवर्थचा हेड माळी, ज्याने नंतर १८५१ चं क्रिस्टल पॅलेस बांधलं, त्याने आधी इथे १८३६ ते १८४१ मध्ये २७७ फूट लांब काचघर उभं केलं होतं. राणी व्हिक्टोरिया आली तेव्हा आतून घोडागाडी फिरवली. आतली झाडं उष्ण प्रदेशातली, ती जगवायची तर बॉयलर सतत पेटते हवेत, कोळसा आणायला जमिनीखालून रूळ टाकले होते. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना आणि माणसंही मिळेनात, झाडं मेली. नंतर परत उभं करायचा खर्च बघितला आणि सुरुंग लावून पाडून टाकायचं ठरलं. गंमत म्हणजे ते एका दमात पडेना, परत परत सुरुंग लावावे लागले. म्हणजे बांधकाम ठणठणीत होतं. पडलं ते भिंती खचल्या म्हणून नाही, रोजचा खर्च उचलणारं कुणी उरलं नाही म्हणून. जुन्या वास्तूचं एस्टिमेट काढताना सगळे दुरुस्तीचा आकडा काढतात, दुरुस्ती झाल्यावर दर महिन्याला लागणारा आकडा कुणी काढतच नाही.

दुसरं महायुद्ध आलं तेव्हा सरकार मोठी घरं ताब्यात घेणार हे दिसतच होतं. दहाव्या ड्यूकने डोकं चालवलं, सैनिक घरात घुसण्यापेक्षा शाळेच्या मुली बऱ्या. वेल्समधल्या पेनरॉस कॉलेज नावाच्या मुलींच्या शाळेला घर दिलं, ११ दिवसात सगळं सामान बांधून ठेवलं आणि सप्टेंबर १९३९ मध्ये ३०० मुली आणि टीचर राहायला आल्या. राजाराणीसाठी सजवलेल्या दालनांत कॉट लागल्या. सैनिकांनी इतर घरांची जी वाट लावली त्यामानाने मुलींनी घर छानच ठेवलं. पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. एवढ्या मुली रात्रभर बंद खोलीत झोपल्या की श्वासाचा दमटपणा गार भिंतींवर धरतो, आणि काही मोठ्या चित्रांच्या मागच्या बाजूला बुरशी वाढली. समोरून चित्र एकदम ठीक, मागे बुरशी. जुन्या घराचं सगळं दुखणं असंच असतं बघा, समोरून दिसत नाही.

१९४६ मध्ये शाळा गेली आणि त्यानंतर त्या एवढ्या घरात रात्री झोपायला फक्त दोन मोलकरणी. ड्यूकने परत राहायला जायचा विचारच सोडून दिला होता, अशा घरांना आता भविष्य नाही असं त्याचं ठाम मत होतं. १९४८-४९ च्या हिवाळ्यात दोन हंगेरियन बायकांनी आपल्या देशातल्या माणसांची टीम जमवून घर झाडून पुसून लोकांना बघायला उघडता येईल इतपत केलं.

आता कागद. दहाव्या ड्यूकला कराची कल्पना होतीच, त्याने १९४६ मध्ये मालमत्ता सेटलमेंटमध्ये टाकली, त्याचे ट्रस्टी वेगळे, आणि सगळं जाणार मुलाला. थोरला मुलगा खरं तर विल्यम, त्याने मे १९४४ मध्ये कॅथलीन केनेडीशी लग्न केलं, हो त्याच अमेरिकेच्या अध्यक्ष केनेडींची बहीण, आणि चार महिन्यांत तो बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. म्हणून धाकटा अँड्र्यू वारस झाला, ज्याने हे कधी मनातही आणलं नव्हतं. नियम असा होता की असं देऊन टाकल्यावर देणारा ५ वर्षं जगला पाहिजे, नाहीतर सगळं त्याचंच धरून कर लागणार. (हा काळ आधी ३ वर्षांचा होता, नेमका १९४६ मध्येच तो ५ केला.) २६ नोव्हेंबर १९५० ला ५५ वर्षांचा ड्यूक ईस्टबोर्नच्या घरी लाकडं फोडत होता, हार्ट अ‍ॅटॅक आला आणि गेला. ५ वर्षं पुरी व्हायला काही आठवडे कमी पडले. जाता जाता, त्याला तपासणारा डॉक्टर पुढे १९५७ मध्ये दुसऱ्याच एका पेशंटच्या खुनाच्या खटल्यात उभा होता, निर्दोष सुटला, पण इंग्लंडमध्ये लोक अजून त्यावर बोलतात.

कर लागला ८० टक्के. अख्ख्या इस्टेटीवर.

इथे अँड्र्यूच्या सल्लागारांनी हात वर केले होते. एक प्रस्ताव असाही होता की घर सरकारला देऊन टाका, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची उत्तरेकडची शाखा करू. त्या काळात हे अगदी नॉर्मल होतं, १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेची कंट्री हाउसेस स्कीम होतीच, घर आणि सोबत देखभालीचा निधी ट्रस्टला द्यायचा, घराण्याने तिथेच राहायचं पण मालकी गेली. बऱ्याच घराण्यांनी तसं केलं आणि ते काही वाईट नाही. ज्यांनी तेही केलं नाही अशी शेकडो घरं विसाव्या शतकात सरळ पाडली गेली. अँड्र्यूने ठरवलं चॅट्सवर्थ ठेवायचं, बाकी जे जाईल ते जाईल.

आणि खरंच गेलं हो. हजारो एकर जमीन विकली. करापोटी चित्रं आणि हस्तलिखितं राष्ट्राला दिली, होल्बाइनचं सातव्या आणि आठव्या हेन्रीचं भलंमोठं कार्टून (म्हणजे भित्तिचित्रासाठी केलेलं पूर्ण मापाचं रेखाटन), मेमलिंगचं तीन फळ्यांचं चित्र, क्लोदचं लिबेर वेरितातिस म्हणजे त्याच्या स्वतःच्या चित्रांच्या नोंदीची वही, दहाव्या शतकातलं सेंट एथेलवोल्डचं बेनेडिक्शनल म्हणजे आशीर्वादाच्या प्रार्थनांचं हस्तलिखित, ग्रीक ब्राँझमधलं अपोलोचं डोकं. ते डोकं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि नाव अजून चॅट्सवर्थ हेड. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हार्डविक हॉल. ज्या बेसने चॅट्सवर्थ घेतलं तिनेच १५९० च्या दशकात बांधलेलं दुसरं घर, भिंतीपेक्षा काच जास्त अशी त्याची ख्याती, ते करापोटी सरकारकडे आणि तिथून १९५९ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे गेलं. तिथे नवव्या ड्यूकची विधवा एव्हलिन राहायची, हार्डविकचे जुने भिंतपडदे तिने वर्षानुवर्षं स्वतःच्या हाताने शिवून दुरुस्त केलेले. घर दिलं तरी ती शेवटपर्यंत तिथेच राहिली, १९६० मध्ये वारली, तिच्यानंतर तिथे घराण्यातलं कुणी राहिलं नाही.

म्हणजे व्यवहार काय झाला बघा. दोन ऐतिहासिक घरांपैकी एक देऊन दुसरं सोडवलं. भावनेच्या भरात दोन्ही धरून बसले असते तर मला वाटतं दोन्ही गेली असती. कर खात्याबरोबर बोलणी मिटायला १७ वर्षं लागली, १९६७ उजाडलं, आणि तोपर्यंत व्याज चालूच. त्यांचं नशीब म्हणा, युद्धानंतर चित्रांना भाव कमी होते आणि शेतजमिनीचे वाढत गेले, त्यामुळे ८० टक्के कागदावर जेवढे भयंकर दिसतात तेवढी मालमत्ता हातातून गेली नाही.

घर तर राहिलं, पण घरात राहायचं कसं. १९५९ मध्ये अँड्र्यू आणि त्याची बायको डेबोरा मुलांना घेऊन चॅट्सवर्थमध्ये राहायला आले, त्याआधी नवीन बाथरूम, सेंट्रल हीटिंग, स्वयंपाकघर जवळ आणणं, स्टाफसाठी फ्लॅट अशी सगळी कामं काढली. एवढ्या मोठ्या घरात कुटुंबासाठी एक बाजू आणि बाकी तिकीट काढून येणाऱ्यांसाठी. लोकांना घर दाखवायची सवय मात्र जुनीच, १८४९ मध्ये जवळच्या राउझ्लीपर्यंत रेल्वे आली तेव्हा त्या एका उन्हाळ्यात ८०,००० माणसं येऊन गेली होती.

डेबोरा म्हणजे इंग्लंडात गाजलेल्या मिटफर्ड बहिणींपैकी सगळ्यात धाकटी, कोंबड्या पाळायची आणि एल्व्हिसची जबरदस्त फॅन. माझ्या मते या केसमधली खरी मॅनेजर तीच. १९७३ मध्ये फार्मयार्ड सुरू केलं, शहरातल्या पोरांना दूध कुठून येतं ते दाखवायला, आणि १९७७ मध्ये इस्टेटीवरच्या मालाचं फार्म शॉप. आज हे सगळीकडे दिसतं पण तेव्हा डचेसने दुकान टाकणं म्हणजे लोकांनी तोंडावर हात ठेवण्यासारखं. तिने एक गोष्ट बरोबर ओळखली होती की तिकिटाचा पैसा उन्हाळ्यात येतो आणि छप्पर हिवाळ्यात गळतं, तेव्हा बारमाही उत्पन्न पाहिजे.

तरी धास्ती होतीच, परत कुणी ड्यूक चुकीच्या वेळी वारला तर? म्हणून १९८१ ची ती रचना. घराची मालकी १९४६ च्या सेटलमेंटच्या ट्रस्टींकडे, ती तिथेच ठेवली. त्यांनी चॅट्सवर्थ हाउस ट्रस्ट नावाची वेगळी धर्मादाय संस्था काढली आणि तिला घर, आतल्या महत्त्वाच्या वस्तू, बाग, पार्क मिळून सुमारे १८०० एकर ९९ वर्षांच्या लीजने दिलं, वर्षाला १ पौंड. नुसतं लीज देऊन भागत नाही, ट्रस्टकडे निधी पाहिजे, त्यासाठी काही कलावस्तू विकल्या, त्यात पूसँचं होली फॅमिली, जे अमेरिकेतल्या दोन म्युझियमनी मिळून विकत घेतलं. तिकिटाचा पैसा ट्रस्टकडे, घर सांभाळायची जबाबदारी ट्रस्टकडे, आणि ड्यूक ज्या खोल्या वापरतो त्यांचं भाडं तो ट्रस्टला देतो. ट्रस्टच्या मंडळावर घराण्यातली माणसं आहेत आणि बाहेरचीही.

आता विचारा ड्यूककडे मालकी उरली तरी काय. घर तो विकू शकत नाही, मोडू शकत नाही, एखादं चित्र उचलून गहाण ठेवू शकत नाही, राहतो त्याचं भाडं भरतो. पण घर घराण्याच्या सेटलमेंटचंच आहे, निर्णयाच्या टेबलावर खुर्ची आहे, लीज संपली की घर परत येणार, आणि मुलगा त्याच खोल्यांत वाढणार. मालकी नावाची एकच गोष्ट असते असं आपण धरून चालतो, प्रत्यक्षात ती सात-आठ हक्कांची मोळी असते, विकायचा हक्क, उत्पन्नाचा, राहायचा, पुढे द्यायचा, हो किंवा नाही म्हणायचा. कॅव्हेंडिशांनी मोळी सोडली आणि त्यातल्या कुठल्या काड्या नसल्या तरी चालेल ते ठरवलं. बऱ्याच कुटुंबांची भांडणं मोळी न सोडताच चाललेली असतात.

सगळं गोड नाहीये. १९८४ मध्ये ७१ जुनी रेखाचित्रं विकायची ठरली, ब्रिटिश म्युझियमशी ५० लाख पौंडांच्या आसपास बोलणी झाली, थोडक्यासाठी फिसकटली, आणि मग क्रिस्टीजच्या लिलावात ती २ कोटी १० लाख पौंडांच्या वर गेली. राष्ट्राच्या हातातून चित्रं गेली म्हणून ओरड झाली, घराणं म्हणालं बघा किंमत काय होती. मला दोन्ही पटतं. करातून सूट घ्यायची आणि वस्तू मात्र बाजारात न्यायची हे खटकतंच, पण छप्पराला शिसं काही देशप्रेमाने मिळत नाही.

२००४ मध्ये अँड्र्यू गेला, मुलगा पेरेग्रिन बारावा ड्यूक झाला, आणि मग ती मोठी दुरुस्ती, तिला त्यांनी मास्टरप्लॅन नाव दिलं. दहा वर्षांच्या आसपास चाललं, ३ कोटी २० लाख पौंडांच्या वर खर्च, २०१८ मध्ये संपलं. १८२०-३० नंतर एवढं काम कधी झालं नव्हतं. वायरिंग, पाइप, हीटिंग सगळं उकरलं, छप्पराचं शिसं बदललं. बाहेरचा वालुकाश्म औद्योगिक काळाच्या काजळीने काळा पडला होता, तो साफ करताना जिथे दगड खराब झालेला तिथे नवीन बसवायचा होता, तर त्यांनी इस्टेटीवरची जुनी खाण परत उघडली. जुन्या भिंतीत दुसऱ्या जातीचा दगड घातला तर पाणी शोषायची तऱ्हा वेगळी, काही हिवाळ्यांत शेजारचा मूळ दगडच सोलायला लागतो. दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या खिडक्यांच्या चौकटींना परत सोन्याचा वर्ख लावला. त्यावर नाकं मुरडली गेली, पण पहिल्या ड्यूकच्या काळातही त्या सोनेरीच होत्या. मधेच २०१० मध्ये माळ्यावरची अडगळ काढून सदबीजने तिथेच लिलाव केला, २०,००० च्या आसपास वस्तू, ६० लाख पौंडांच्या वर आले. अडगळ!

आता कुणी म्हणेल आम्हीपण असंच करू. थांबा. पहिली गोष्ट, तिथे वारस एकच असतो. थोरल्याला सगळं, धाकट्यांनी आपलं बघायचं, हा अन्याय आहे पण त्यामुळे सही एकाची लागते. ज्या घराला पंधरा सह्या लागतात आणि त्यातल्या दोन परदेशातून येत नाहीत तिथे ९९ वर्षांची लीज जाऊ द्या, गळका पत्रा बदलायलाही वर्ष जातं, आणि ट्रस्टच्या आधी आपापसातला करारच लिहायला हवा. दुसरी, विकायला होल्बाइन लागतो. ज्यांच्याकडे विकायला काहीच नाही त्यांना चॅट्सवर्थपेक्षा ब्रिटनमधलाच लँडमार्क ट्रस्टचा मार्ग जवळचा. १९६५ मध्ये सुरू झालेली ही संस्था पडायला आलेल्या लहान लहान जुन्या वास्तू घेते, काही विकत आणि काही मालकाकडून लांब लीजवर, दुरुस्त करते, सुट्टीसाठी भाड्याने देते आणि त्या पैशावर वास्तू राखते. लीजवर असेल तर मालकाचं नाव कागदावर तसंच, वापर मात्र इतकी वर्षं दुसऱ्याचा. इतकी वर्षं आपल्या घराची किल्ली दुसऱ्याकडे हे ज्याला सोसत नाही त्याने या वाटेला जाऊच नये.

आणि कराच्या बाबतीत आज ब्रिटनमध्ये कायदाच थोडा मऊ झालाय, लोकांना बघायला घर उघडं ठेवलं आणि नीट राखलं तर वारसा कर पुढे ढकलता येतो, देखभालीसाठी वेगळा निधी बाजूला काढला तर त्यावरही सवलत आहे. मालमत्ता वारसाला देऊन टाकल्यावर जगायचा काळ आता ७ वर्षं आहे. म्हणजे १९५० चा ड्यूक आजच्या नियमातही अडकलाच असता.

१९८१ ची लीज २०८० मध्ये संपते. तेव्हाच्या ट्रस्टींना ती वाढवावी लागेल नाहीतर घर परत घ्यावं लागेल, छप्परासकट.